कैदी आणि पहारेकरी: ‘अटुआन’ची टेनार पुन्हा वाचताना

अद्भुतरम्य साहसकथेतील नायिका म्हटली की हल्ली आपल्या डोळ्यांसमोर तलवार चालवणारी, धनुष्य ताणणारी, घोड्यावर मांड ठोकून बसलेली मुलगी उभी राहते. पुरुष नायकाला शोभणारे सगळे गुण तिला बहाल केले की ती समर्थ झाली, असा समज आता जवळजवळ रूढ झाला आहे. अर्सुला ले ग्विन यांची ‘द टूम्स ऑफ अटुआन’ ही १९७१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली आणि या समजाला तिने किती आधी आणि किती वेगळ्या दिशेने उत्तर देऊन ठेवले आहे, हे पाहून त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. या कादंबरीची नायिका टेनार हिला कोणतीही विद्या येत नाही, शस्त्र चालवता येत नाही, आणि जवळपास अर्धी कादंबरी ती बऱ्यापैकी गर्विष्ठ, प्रसंगी क्रूर अशी मुलगी आहे. ती अन्यायाची बळी आहे आणि त्याच अन्यायाची अंमलबजावणी करणारीही आहे. या दोन गोष्टी एकाच व्यक्तीत एकत्र ठेवून वाचकाला तिच्याबद्दल जिव्हाळा वाटायला लावणे, हे माझ्या मते या पुस्तकाचे सर्वांत मोठे यश आहे.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. ‘अर्थसी’ हे शेकडो बेटांचे काल्पनिक जग ले ग्विन यांनी १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीतून वाचकांसमोर आणले. गेड नावाच्या तरुण जादूगाराची ती गोष्ट होती आणि दुसऱ्या भागातही त्याचीच पुढची साहसे येणार, अशी कोणाही वाचकाची अपेक्षा असणार. प्रत्यक्षात दुसऱ्या भागाची बारा प्रकरणे आहेत आणि गेड पहिल्यांदा दिसतो तो पाचव्या प्रकरणात, तोही एक अनोळखी चोर म्हणून. तोपर्यंत आपण पूर्णपणे टेनारच्या जगात असतो, आणि त्या जगात जादूगार म्हणजे पाखंडी, परदेशी, काळ्या कातडीची दुष्ट माणसे. (गेड सावळ्या-तांबूस वर्णाचा आणि टेनार गोरी, ही रचना ले ग्विन यांनी जाणूनबुजून केली होती, आणि २००४ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत गेडला गोरा केल्यावर त्यांनी त्याचा जाहीर निषेधही केला.) ज्या नायकाला आपण आपला मानून आलो त्याच्याकडे शत्रूच्या डोळ्यांनी पाहायला लावण्याचे धाडस मालिकेच्या दुसऱ्याच पुस्तकात करणारे लेखक फार थोडे असतील.

कादंबरी सुरू होते ती सफरचंदाच्या बागेत. संध्याकाळ झाली आहे, झाडे बहरण्याच्या बेतात आहेत, एक लहान मुलगी त्यांच्यामधून धावते आहे आणि आई तिला घरी बोलावते आहे. जवळच उभा असलेला बाप आईला विचारतो की या पोरीत जीव कशाला गुंतवतेस, पुढच्या महिन्यात तिला कायमची घेऊन जाणार आहेत. प्रस्तावनेचा हा भाग जेमतेम दीड-दोन पानांचा आहे आणि त्यानंतर हे आईबाप कादंबरीत पुन्हा कधीही येत नाहीत. अटुआन बेटावरील थडग्यांची मुख्य पुजारीण ज्या रात्री मरते, त्याच रात्री जन्मलेली मुलगी म्हणजे तिचाच पुनर्जन्म, अशी तिथली श्रद्धा आहे. टेनार त्या रात्री जन्मलेली. शोध घेणारे लोक आले तेव्हा आईने लेकराला देवी आल्याचे भासवून तिला वाचवण्याचा प्रयत्न केला होता, हे आपल्याला पुढे कळते. तो प्रयत्न फसतो. मग जेमतेम सहा वर्षांच्या त्या मुलीला एका ओसाड मंदिरात, रिकाम्या सिंहासनापुढे नेले जाते, मुखवटा घातलेला माणूस तिच्या मानेवर तलवार उगारतो, दुसरा त्याला अडवतो, आणि या बळीच्या नाटकानंतर तिचे नाव काढून घेतले जाते. यापुढे ती ‘आर्हा’, म्हणजे जिला गिळून टाकले आहे अशी ती.

यानंतरच्या प्रकरणांबद्दल काही वाचक तक्रार करतात की त्यांत काही घडत नाही. मला मात्र तीच प्रकरणे या वाचनात सर्वांत श्रीमंत वाटली. वाळवंटातील एक वस्ती, तिथे फक्त स्त्रिया, मुली आणि खोजे. सूत कातायचे, काळे कापड विणायचे, शेतातले कांदे आणि डाळी पिकवायच्या, मंत्र पाठ करायचे, आणि ज्या देवतांना नावेसुद्धा नाहीत त्यांच्यापुढे अमावस्येच्या रात्री नाचायचे. आर्हा ही सर्वांत श्रेष्ठ पुजारीण असल्यामुळे तिला कोणी शिक्षा करू शकत नाही, पण त्यामुळेच तिच्याशी कोणी मोकळेपणाने खेळूही शकत नाही. सत्ता आहे आणि करण्यासारखे काही नाही, या अवस्थेतला कंटाळा ले ग्विन यांनी इतक्या संयमाने लिहिला आहे की वाचताना आपल्यालाही त्या भिंतींची उंची जाणवू लागते. पूर्व ओरेगनमधील उजाड प्रदेशाच्या एका सहलीतून आपल्याला हे वाळवंट सुचले, असे त्यांनी सांगितले आहे. शिवाय त्या आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञाची मुलगी. एखादा विधी बाहेरच्याला भयानक वाटला तरी आत राहणाऱ्याला तो रोजच्या कामासारखा कसा वाटतो, याची जी जाण या पानांत दिसते ती त्या घरातून आली असावी, असे मला वाटते.

मराठी वाचकाला हा भाग वाचताना आपल्या इथल्या मुली आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नवसासाठी खंडोबाला वाहिलेली मुरळी, केसांत जट आली म्हणून यल्लम्माला सोडलेली जोगतीण, यांच्या बाबतीतही निर्णय घेणारे आईबाप, गाव आणि देवस्थान असत, आणि जिचे आयुष्य जायचे तिला विचारण्याची पद्धत नव्हती. मुंबई इलाख्यात १९३४ साली या प्रथेविरुद्ध कायदा झाला आणि त्यानंतरही कित्येक दशके मुली सोडल्या जात राहिल्या. नेपाळमधील कुमारीचीही आठवण होते, मात्र तिथे मुलगी वयात आली की तिचे देवीपण संपते आणि ती घरी परतते, तर अटुआनमध्ये पंधराव्या वर्षी आर्हाचा खरा अधिकार सुरू होतो. आपल्याकडच्या मुलींच्या वाट्याला आलेले शोषण आणि आर्हाची एकाकी सत्ता या गोष्टी एकसारख्या नाहीत, हे मला माहीत आहे. पण मुलीला पवित्र ठरवणे हा तिला माणसांतून वजा करण्याचा मार्ग असू शकतो, हे समजून घेण्यासाठी आपल्याला परक्या बेटांवर जाण्याची गरज नव्हती.

पंधराव्या वर्षी मिळालेला तो अधिकार आर्हा पहिल्यांदा कसा वापरते, यावर सगळी कादंबरी तोललेली आहे. राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून तीन कैदी तिच्याकडे पाठवले जातात. त्यांच्या जिभा आधीच कापलेल्या आहेत. थडग्यांखालच्या एका खोलीत ते साखळदंडांनी बांधलेले आहेत आणि त्यांना कसे मारायचे, हे तिने ठरवायचे आहे. ती सांगते की त्यांना अन्नपाणी देऊ नका. कोणी तिला तसे सांगायला भाग पाडलेले नाही, शब्द तिचे आहेत. थोड्याच वेळात ती कोसळते आणि पुढे कितीतरी रात्री तिला त्या माणसांची स्वप्ने पडत राहतात, पण आदेश मागे घेतला जात नाही आणि ते तिघे मरतात. लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी म्हणून छापल्या गेलेल्या, १९७२ साली बालसाहित्यासाठीचा न्यूबेरी सन्मान मिळालेल्या पुस्तकात नायिकेच्या हातून असे काही घडू देणे, आणि त्यानंतर लेखिकेने तिची वकिली न करणे, याला केवढे धैर्य लागले असेल! तिला असे घडवले गेले होते, हे ले ग्विन दाखवतात. ते कृत्य मात्र तिचेच राहते.

ले ग्विन यांनी १९७३ मधील एका निबंधात या कादंबरीचा विषय एका शब्दात सांगायचा तर तो लैंगिकता आहे, मुलीचे वयात येणे आहे, असे म्हटले होते. लेखिकेचे म्हणणे मला मान्य आहे, कारण अंधारी गुहा, प्रथमच दिसलेला पुरुष, त्याच्याविषयीचे भय आणि कुतूहल हे सारे तिथे आहे. पण आज वाचताना मला त्याहून प्रबळ वाटतो तो अपराधाचा धागा. वयात येणे म्हणजे आपल्या हातून काय घडले याची जाणीव होणे, असा या गोष्टीचा अर्थ मला अधिक पटतो.

थडग्यांखाली असलेल्या चक्रव्यूहाची वर्णने तर केवळ कारागिरी म्हणूनही पुन्हा पुन्हा वाचावीत अशी आहेत. तिथे उजेड नेण्याची बंदी आहे. त्यामुळे आर्हा तो चक्रव्यूह स्पर्शाने आणि पाठांतराने शिकते. हात भिंतीवरून फिरवत, वळणे आणि फाटे मोजत, जुन्या पुजारिणीने तोंडी सांगितलेला मार्ग मनात घोळवत ती चालते, आणि लेखिकाही दृष्टीचा एकही शब्द न वापरता पानेच्या पाने लिहिते. ग्रीक कथेत राजकन्या अरिआडने दोरा देते आणि थीसियस राक्षसाला मारायला चक्रव्यूहात जातो, वीर तो ठरतो. इथे दोरा नाही, कारण मार्ग जाणणारी मुलगी स्वतःच आत आहे. त्या कथेतली वाट दाखवणारी राजकन्या आणि आत दडलेला राक्षस या दोन्ही भूमिका ले ग्विन यांनी टेनारला दिल्या आहेत, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

आणि मग त्या अंधारात, जिथे उजेड आणणे म्हणजे महापाप, तिथे तिला उजेड दिसतो. गेडच्या काठीच्या टोकाला एक पांढरा प्रकाश आहे आणि त्या प्रकाशात तिला आपलीच गुहा पहिल्यांदा दिसते. छत, भिंती, सगळीकडे स्फटिक लखलखत आहेत. इतकी वर्षे आपण ज्या जागेचे स्वामी होतो ती जागा सुंदर आहे, हे तिला माहीतच नव्हते. संपूर्ण पुस्तकातील माझा सर्वांत आवडता प्रसंग हाच आहे. त्याच्यापुढची तिची कृतीही तितकीच खरी वाटते. भारावून जाऊन ती त्याच्याकडे धावत नाही. ती लोखंडी दार बंद करते, त्याला चक्रव्यूहात कोंडते, आणि वरच्या झरोक्यांतून त्याला तहानेने खंगताना पाहत राहते. मागच्या तिघांना जसे मारले तसेच यालाही मारणे तिला सहज शक्य आहे. ती पाणी देते. का देते, हे तिलाही नीट सांगता येत नाही, आणि लेखिकाही तिच्या वतीने ते सांगत नाही.

गेड येऊन टेनारला सोडवतो म्हणून ही अखेर पुरुषानेच केलेली सुटका ठरते, असा आक्षेप या कादंबरीवर अनेकदा घेतला जातो, आणि त्याच्याशी मी सहमत नाही. गेड आला आहे तो एरेथ-अकबे या प्राचीन वीराच्या तुटलेल्या कड्याचा अर्धा भाग नेण्यासाठी. तिच्यासाठी तो आलेला नाही. आत शिरल्यानंतर तो पूर्णपणे तिच्या स्वाधीन आहे, पाणी तिच्या हातात, वाट तिच्या डोक्यात, आणि अंधाऱ्या शक्तींना थोपवून धरण्यात त्याचे सगळे बळ खर्ची पडलेले. त्याला जादू दाखवायला सांगितल्यावर तो तिच्या अंगावर निळसर हिरव्या रेशमाचा देखणा पोशाख असल्याचा भास निर्माण करतो, आणि ती संतापून तो नाहीसा करायला लावते. तो तिला देतो ती मोलाची गोष्ट एकच, तिचे हिरावलेले नाव. ते स्वीकारायचे की नाही, हे मात्र तीच ठरवते. बाहेर पडताना काळोखात एकेक वळण मोजत पुढे चालणारी तीच आहे. जुळलेले कडे शेवटी तिच्या मनगटावर आहे, गेडच्या नाही.

इतर पात्रांपैकी पेंथे ही गुबगुबीत, हसरी मैत्रीण मला यावेळी विशेष भावली. या देवळात कुजत पडण्यापेक्षा एखाद्या डुकरे राखणाऱ्याशी लग्न करून राहणे बरे, असे ती सहज बोलून जाते आणि राजाच्या देवत्वावर आपला विश्वास नाही, हेही सांगते. आर्हा हादरते, कारण एकाच भिंतीआड राहणारी दुसरी व्यक्ती जग इतक्या वेगळ्या रीतीने पाहू शकते, ही कल्पनाच तिला कधी शिवलेली नसते. पेंथेची अश्रद्धा निरोगी आहे. कोसिल या वरिष्ठ पुजारिणीची अश्रद्धा मात्र भीषण आहे, तिचा कोणत्याच देवावर विश्वास नाही, केवळ सत्तेवर आहे, आणि ती निषिद्ध गुहेत कंदील घेऊन कबर उकरताना दिसते तेव्हा आर्हाच्या पायांखालची उरलीसुरली जमीनही सरकते. गंमत अशी की थडग्यांखालच्या शक्ती खोट्या आहेत, असे कादंबरी म्हणत नाही. त्या आहेत आणि क्रूर आहेत, त्यांना नाकारू नये, विसरूही नये, पण त्यांची पूजा करू नये, असे गेड सांगतो. श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्यावरील चर्चा आपण बहुधा ‘आहे की नाही’ या एका प्रश्नापाशी थांबवतो. ‘असले तरी त्याच्यापुढे मान का झुकवायची’ हा प्रश्न या किशोर कादंबरीने किती सोप्या शब्दांत मांडला आहे.

आता माझ्या दोन तक्रारी. पहिली मानानविषयीची आहे. मानान हा खोजा, टेनारचा सांभाळ करणारा, बोजड शरीराचा, फिकट, कुरूप माणूस. तिच्या बालपणात माया म्हणून जे काही तिच्या वाट्याला आले ते त्याच्याकडूनच. सुटकेच्या वेळी तो तिला अडवण्यासाठी गेडवर झडप घालतो आणि खोल खड्ड्यात कोसळून मरतो. त्यानंतर गोष्ट त्याला जवळजवळ मागे टाकून पुढे जाते. पळून जाणाऱ्यांना थांबून शोक करायला वेळ नव्हता, हे खरे. तरीही ज्याने कुशीत घेऊन झोपवले त्याच्या मृत्यूची किंमत टेनारच्या स्वातंत्र्यात कुठेतरी मोजली जायला हवी होती, आणि ती पुरेशी मोजली गेली नाही, असे मला वाटते. कैद्यांच्या मृत्यूबाबत इतकी दक्ष असलेली लेखिका इथे घाई करते, याचे वाईट वाटते.

दुसरी तक्रार शेवटाविषयी आहे. बाहेरच्या जगात आल्यावर टेनारला स्वातंत्र्य झेपत नाही, हा भाग अप्रतिम आहे. तिने समुद्र कधी पाहिलेला नाही, परक्या माणसांशी कसे बोलायचे हे तिला ठाऊक नाही, गेड आपल्याला सोडून जाणार या विचाराने ती हातात सुरी घेऊन त्याच्याजवळ जाते, आणि मग वाया गेलेल्या वर्षांसाठी, आपण मोकळ्या झालो आहोत या वेदनेने रडते. मुक्तीनंतर लगेच आनंदीआनंद दाखवणाऱ्या गोष्टींपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. पण नंतर ती आपल्या पापाची कबुली देते तेव्हा गेड तिला म्हणतो की तू दुष्टतेचे पात्र होतीस, ती दुष्टता आता सांडून गेली, तू तर उजेड धारण करणारा दिवा आहेस, मला सापडला तेव्हा तो विझलेला होता. सांत्वन म्हणून हे शब्द सुंदर आहेत. परंतु पात्र काय आणि दिवा काय, दोन्ही दुसऱ्याने भरायच्या आणि पेटवायच्या वस्तू. जिने आदेश दिला, जिने पाणी दिले, जिने वाट दाखवली, तिच्याविषयी असे बोलणे मला खटकते. शेवटच्या ओळीत ती हॅवनॉर नगरीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून गेडचा हात धरून, घरी परतणाऱ्या लहान मुलीसारखी चालते. सफरचंदाच्या बागेतल्या मुलीला घर मिळाले, ही त्यातली भावना मला समजते. तरीही तिला पुन्हा लहान केले गेले, ही बोच राहतेच.

या बोचेचे उत्तर दुसऱ्या कोणी दिले असते तर ते केवळ टीका ठरले असते. ते दिले खुद्द ले ग्विन यांनी, आणि नवी कादंबरी लिहून. १९९० साली आलेल्या ‘तेहानू’मध्ये टेनार मध्यमवयीन आहे. ती राणी झालेली नाही, जादूगारही झालेली नाही. गाँट बेटावर ओगिऑन या वृद्ध गुरूकडे शिकण्याची संधी सोडून तिने एका शेतकऱ्याशी लग्न केले, दोन मुले वाढवली आणि आता ती विधवा आहे. तिच्याकडे येते ती स्वतःच्याच माणसांनी आगीत ढकललेली, अर्धा चेहरा आणि एक हात जळालेली एक मुलगी, आणि नंतर परततो तो सगळी शक्ती गमावलेला गेड. या पुस्तकात सांभाळ करणारी ती आहे. १९९२ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या एका व्याख्यानात ले ग्विन यांनी स्पष्टपणे मांडले की वीरकथेची परंपरा पुरुषाच्या नजरेतून घडलेली आहे आणि अर्थसीची पहिली पुस्तके आपण त्याच परंपरेत राहून लिहिली. ‘तेहानू’वर त्या काळी बऱ्याच जुन्या वाचकांनी नाराजी व्यक्त केली, साहस कुठे गेले असे विचारले. भांडी, शेळ्या, शेजारीपाजारी आणि रात्री दाराला लावलेली कडी यांतले भय आणि धाडस त्यांना दिसले नाही. मला मात्र सहा वर्षांच्या मुलीचे नाव काढून घेणाऱ्या माणसांची गोष्ट आणि पोटच्या पोरीला आगीत ढकलणाऱ्या माणसांची गोष्ट या एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात, आणि पहिलीतून वाचलेली टेनारच दुसरीतल्या मुलीला जवळ घेऊ शकते, हे अगदी स्वाभाविक वाटते.

म्हणून ही कादंबरी वाचायला घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘अटुआन’ वाचून झाल्यावर मालिकेतील तिसरे पुस्तक, ‘द फार्देस्ट शोअर’, जरूर वाचा, कारण गेडची शक्ती कशी गेली ते त्यात कळते, पण तिथे टेनार जवळजवळ नाही म्हणून कंटाळून मालिका सोडून देऊ नका. ‘तेहानू’पर्यंत पोहोचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना पहिली दोन पुस्तके खुशाल द्या, आणि कैद्यांच्या प्रकरणापाशी त्यांनी काही विचारले, तर ती मुलगी वाईट होती की चांगली, याचे उत्तर देण्याची घाई करू नका. ‘तेहानू’ त्यांना थोडी मोठी झाल्यावर वाचू द्या. आणि ज्यांनी हे सारे पूर्वी वाचले आहे त्यांनी मानानविषयी त्यांना काय वाटते, ते मला अवश्य सांगावे.